कार्यालयीन इमारतीतील कचरा : वर्गीकरणाची सुरुवात तळमजल्यापासून

कोल्हापुरात एकाच कंपनीच्या मालकीच्या उंच कॉर्पोरेट इमारती मोजक्याच आहेत. येथील कार्यालये मुख्यतः शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क, दाभोळकर कॉर्नर अशा भागांतील व्यापारी संकुलांत आहेत. एकाच जिन्यावर खाली बँकेची शाखा, पहिल्या मजल्यावर पतसंस्था आणि सनदी लेखापालांचे कार्यालय, त्यावर सॉफ्टवेअर कंपनी, शेजारी दवाखाना आणि सर्वांत वर क्लास अशी सरमिसळ असते. त्यामुळे मोठ्या शहरांतील कंपन्यांसाठी तयार झालेल्या सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. येथे कचऱ्याचा निर्णय गाळेधारकांच्या संघाला घ्यावा लागतो, आणि तो घेताना कोणत्या क्रमाने घ्यावा हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

नेहमीचा क्रम असा असतो : रंगीत डबे विकत आणायचे, भिंतीवर फलक लावायचे, कर्मचाऱ्यांसमोर एक व्याख्यान ठेवायचे. महिन्याभरात सर्व काही पूर्ववत होते आणि दोष कर्मचाऱ्यांच्या बेशिस्तीला दिला जातो. प्रत्यक्षात वर्गीकरण टेबलाजवळ मोडत नाही, ते सफाईच्या फेरीत मोडते. सायंकाळी चार मजले तासाभरात झाडायचे, हाती एकच पोते, लिफ्ट वापरायची परवानगी नाही आणि तळमजल्यावर कचरा ठेवायला एकच कोपरा, अशा स्थितीत सफाई करणाऱ्या बाईंनी ओला आणि सुका कचरा एकाच पोत्यात भरला तर त्यात नवल नाही. वेगळा केलेला कचरा आपल्या डोळ्यांदेखत एकत्र होताना एकदा पाहिला की कर्मचारीही डब्याचा रंग पाहणे सोडून देतात. म्हणून क्रम उलटा करावा : कोणता कचरा कोण, कोणत्या वारी आणि कोणत्या अवस्थेत नेणार हे आधी ठरवावे, मग साठवणुकीची जागा, मग सफाईची ढकलगाडी, आणि सर्वांत शेवटी डबे.

बाहेर पडण्याचे मार्ग

महापालिकेचे टिपर हा पहिला मार्ग आहे. आपल्या भागाच्या आरोग्य निरीक्षकांना किंवा मुकादमांना भेटून टिपरची वेळ, ओला व सुका कचरा वेगळा स्वीकारण्याची पद्धत आणि व्यापारी आस्थापनांचे शुल्क या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. टिपर सकाळी लवकर येतो आणि कार्यालये दहाला उघडतात, ही अडचण जवळजवळ प्रत्येक संकुलात असते. वॉचमनकडे खोलीची किल्ली आणि कचरा सोपवण्याची लेखी जबाबदारी दिल्याशिवाय ती सुटत नाही. शहराचा कचरा कसबा बावड्याजवळच्या लाईन बाजार परिसरातील झूम प्रकल्पावर जातो, आणि तेथे वर्षानुवर्षे साचलेल्या ढिगाविषयी भोवतालच्या रहिवाशांनी किती तक्रारी केल्या आहेत हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मिसळलेल्या कचऱ्याचे प्रत्येक पोते त्याच ढिगाच्या वाट्याला जाते.

दुसरा मार्ग भंगार व्यापाऱ्याचा. पांढरी रद्दी, पुठ्ठा, वर्तमानपत्रे, पाण्याच्या बाटल्या, धातू आणि काच यांना बाजार आहे, मात्र तो कोरड्या आणि वेगळ्या मालालाच आहे. चहा सांडलेल्या रद्दीला मिश्र रद्दीचाच भाव मिळतो. तिसरा मार्ग कचरावेचक महिलांच्या गटांचा. त्यांच्यासोबत काम करणारी अवनि संस्था कोल्हापुरातच आहे. भंगार व्यापारी ज्या वस्तूंकडे पाहत नाही त्या बारीकसारीक वस्तूही असे गट निवडून घेऊ शकतात, त्यामुळे करार करण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे. ई-कचरा, बॅटऱ्या आणि जनरेटरचे जळके तेल यांचे मार्ग स्वतंत्र आहेत आणि त्यांचा विचार पुढे केला आहे.

आधी वजन

डबे किती आणि केवढे हवेत, हे अंदाजाने ठरवू नये. शनिवारसह कामकाजाचे सलग सहा दिवस, प्रत्येक मजल्याचा कचरा हुकाच्या साध्या डिजिटल काट्यावर तोलावा आणि ओला, कागद-पुठ्ठा, प्लास्टिक-धातू-काच आणि उरलेला अशा चार रकान्यांत नोंदवावा. मार्चअखेर किंवा दिवाळीपूर्वीचा आठवडा यासाठी घेऊ नये, कारण त्या काळात जुन्या फायली आणि मिठाईचे खोके यांनी आकडे फुगतात. त्या आठवड्यांची वेगळी नोंद मात्र जरूर ठेवावी. ओला कचरा वजनाने जड असतो आणि सुका कचरा जागा जास्त अडवतो, म्हणून साठवणुकीच्या खोलीचा आकार सुक्या कचऱ्यावरून आणि उचलण्याची वारंवारता ओल्या कचऱ्यावरून ठरवावी.

याच वजनावर कायद्यातील आपले स्थानही ठरते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांची जागा घेणारे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले असून त्यांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (दिवे, औषधे यांसारखा) अशा चार प्रकारांत कचरा वेगळा करणे बंधनकारक आहे. ज्या आस्थापनेचे चटईक्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक आहे, किंवा जिचा रोजचा पाणीवापर ४०,००० लिटर किंवा अधिक आहे, किंवा जिच्यात रोज १०० किलो किंवा अधिक कचरा निर्माण होतो, ती मोठी कचरा उत्पादक ठरते आणि ओल्या कचऱ्यावर शक्यतो जागेवरच प्रक्रिया करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. दरडोई पाव किलो कचरा धरला तर ४०० माणसांच्या इमारतीत १०० किलोची मर्यादा गाठली जाते. राजारामपुरीतील बहुतेक संकुले या मर्यादेच्या बरीच खाली राहतील, परंतु चार प्रकारांचे वर्गीकरण लहान कार्यालयालाही चुकलेले नाही.

जागा, ढकलगाडी आणि करार

साठवणुकीची खोली तळमजल्यावर, वाहन मागे घेता येईल अशा बाजूला असावी. तिला फरशी, पाण्याचा नळ, सांडपाण्याची जाळी, दिवा आणि उंदीर शिरणार नाही असा दरवाजा एवढे पुरे. तळघर कितीही सोयीचे वाटले तरी टाळावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नर परिसरात पाणी कुठपर्यंत चढले होते हे तेथील दुकानदारांना विचारले म्हणजे पुरे. जयंती नाल्याच्या आसपास असलेल्या इमारतींनी तर जून संपण्यापूर्वीच साठलेला ई-कचरा, बॅटऱ्या आणि जळके तेल रवाना करावे, कारण पुराच्या पाण्यात मिसळलेले आम्ल आणि तेल पुन्हा गोळा करता येत नाही.

सफाईच्या ढकलगाडीला निदान दोन वेगळ्या रंगांची पोती अडकवता आली पाहिजेत, आणि तिसऱ्या लहान झाकणबंद डब्यात सॅनिटरी कचरा. पोती शक्यतो पारदर्शक असावीत, म्हणजे आत काय आहे हे मुकादमांना आणि आपल्यालाही न उघडता दिसते. मजले अधिक असतील तर ओला आणि सुका कचरा एकाच फेरीत आणण्याऐवजी ओला दुपारच्या जेवणानंतर आणि सुका सायंकाळी असा वेगळ्या वेळी आणावा. ही तजवीज फुकट होते आणि कोणत्याही फलकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

सफाईच्या कंत्राटात हे सर्व लिहिलेले असावे. बहुतेक कंत्राटांत चौरस फूट आणि माणसांची संख्या असते, कचऱ्याविषयी मात्र ‘विल्हेवाट लावणे’ एवढेच शब्द असतात. त्याऐवजी फेऱ्यांच्या वेळा, लिफ्टच्या वापराची परवानगी, वेगळी पोती, रबरी हातमोजे आणि बूट, हात धुण्याची जागा व साबण, धनुर्वाताची लस, आणि वर्गीकरणासाठी लागणारा जादा वेळ पगारात धरलेला असणे, ही कलमे असावीत. भंगाराच्या पैशाचाही उल्लेख हवा. अनेक इमारतींत रद्दी आणि बाटल्या विकून सफाई कामगारांना चार पैसे मिळतात. संघाने ‘आता हे उत्पन्न आपले’ म्हणून ते काढून घेतले की वर्गीकरणात रस असणारी एकमेव व्यक्ती त्यातून बाहेर पडते. ते पैसे कामगारांनाच द्यावेत आणि तसे लिहून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. संघाच्या जमाखर्चात त्या रकमेने फारसा फरक पडत नाही.

एवढी व्यवस्था झाल्यावर डबे आणावेत. प्रत्येक टेबलाखालचा डबा काढून टाकावा, कारण तेथेच केळीची साल आणि पाकीट एकत्र पडते. त्याऐवजी प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याजवळ किंवा चहाच्या जागेजवळ डब्यांची एकच जोडी ठेवावी : हिरवा ओल्यासाठी आणि निळा सुक्यासाठी. दोन्ही डबे नेहमी शेजारी शेजारी असावेत. निळा डबा एकटा ठेवला की त्यात खरकटे पडणारच. फलकावर घोषणा लिहिण्याऐवजी त्याच कार्यालयात रोज निघणाऱ्या दहा-बारा वस्तूंची छायाचित्रे लावावीत.

कागद आणि जुन्या फायली

कार्यालयातील सर्वांत चांगला सुका कचरा कागदच असतो आणि सर्वांत जास्त निष्काळजीपणाही त्याच्याच बाबतीत होतो. पांढरा छापील कागद, पुठ्ठा आणि बाकीची रद्दी असे तीन गठ्ठे ठेवावेत. स्टेपलच्या पिना एकेक करून काढण्याची गरज नाही, कारण लगदा करताना त्या वेगळ्या होतात. स्पायरल, प्लास्टिकच्या फायली आणि लॅमिनेशन मात्र काढावे. दुकानांतील बिलांचा उष्णतेवर छापला जाणारा गुळगुळीत कागद रद्दीत घालू नये. कागदी चहाचे कप तर कागद म्हणून धरूच नयेत : त्यांच्या आतील बाजूस प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि साध्या कागद कारखान्यात तो सहजी सुटत नाही.

फायली काढून टाकण्यापूर्वी कायदेशीर मुदत तपासावी. कंपनी कायदा २०१३ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात आणि जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. एखादे प्रकरण अपिलात असेल तर त्याहून अधिक काळ. मुदत संपलेल्या प्रत्येक कागदाचे तुकडे करण्याचीही आवश्यकता नसते. तुकडे केलेल्या कागदाचे तंतू आखूड होतात, तो वाऱ्यावर उडतो आणि रद्दीवाला त्याला कमी भाव देतो किंवा घेतच नाही. आधार-पॅनच्या झेरॉक्स, खातेदारांचे अर्ज, पगारपत्रके आणि सह्या असलेले धनादेश एवढ्यांचेच तुकडे करावेत आणि ते वेगळ्या पोत्यात घट्ट भरावेत. पतसंस्था आणि विमा कार्यालयांनी या बाबतीत विशेष दक्ष राहावे. ग्राहकांच्या आधारच्या झेरॉक्समध्ये शेंगदाणे बांधून मिळाल्याचे प्रकार आपल्याकडे घडू नयेत.

चहा, डबा आणि मिसळ

ओल्या कचऱ्यात चहाचा चोथा, फळांच्या साली आणि डब्यातील उरलेले अन्न हेच प्रामुख्याने असते. चहासाठी काचेचे पेले किंवा स्टीलचे कप वापरल्यास सुक्या कचऱ्याचे आकारमान लक्षणीय उतरते. कप धुण्यासाठी माणूस लागतो ही हरकत खरी आहे, परंतु कपांच्या रोजच्या खरेदीचा महिन्याचा खर्च मांडून पाहिला की तिचे वजन कमी होते. प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ आणि मिठाईच्या खोक्यावरचे वेष्टन यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद अशी तरतूद आहे. सभेसाठी जेवण मागवताना हे पुरवठादाराला आधीच सांगावे. मिसळ पार्सल मागवली तर कटाच्या प्लास्टिक पिशव्या आणि त्यांत उरलेले तेल या दोन्हींची विल्हेवाट आपल्यालाच लावावी लागते, तेव्हा चार पावले चालून मिसळ तिथेच बसून खावी, ती तशीही तिथेच चांगली लागते.

रोजचा ओला कचरा पाच-दहा किलोच्या आत असेल आणि गच्चीवर छप्पर असलेला कोपरा असेल, तर खत तयार करणे अवघड नाही. भोके असलेले दोन मोठे पिंप घ्यावेत, एक भरत असताना दुसरे मुरते. तळाशी सुक्या पाल्याचा जाड थर द्यावा आणि ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर जवळजवळ तेवढाच कोरडा थर टाकावा. कोरड्या थरासाठी बाजारातील कोकोपीट विकत घेण्याची गरज नाही. आपल्याकडे उसाचे पाचट मुबलक आहे आणि ते शेतात पेटवले जाण्याऐवजी बारीक कापून पिंपात पडलेले बरे. विरजण म्हणून शेणाच्या पाण्यात थोडा गूळ आणि आंबट ताक मिसळून शिंपडावे. चहाच्या चोथ्यातील दूध-साखरेमुळे मुंग्या आणि माश्या येतात, म्हणून तो चाळणीत एकदा पाण्याने धुवून निथळून मगच टाकावा. चहाच्या पिशव्यांपैकी अनेकींत प्लास्टिकचे धागे असतात, त्या फाडून फक्त चोथा घ्यावा. तेलकट रस्सा आणि हाडे पिंपात घालू नयेत, ती टिपरच्या ओल्या कचऱ्यात द्यावीत.

मिश्रण मुठीत दाबले असता एखाद-दुसरा थेंब निघावा, धार लागू नये. वास आला तर ओल अधिक आहे आणि हवा कमी आहे असे समजून पाचट वाढवावे व ढवळावे. मुरताना पिंपाचा मध्यभाग चांगलाच गरम लागतो, ते प्रक्रिया चालू असल्याचे लक्षण आहे. साधारण दीड ते दोन महिन्यांत खत काळसर, मोकळे आणि मातीच्या वासाचे होते. ते पक्व झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यात मेथीचे दाणे पेरावेत. दाणे नीट उगवले नाहीत तर आणखी मुरू द्यावे. खताला गिऱ्हाईक शोधण्याची चिंता कोल्हापुरात नाही, कारण कर्मचाऱ्यांपैकी अनेकांची गावाकडे शेती असते. पाऊस सुरू झाला की पिंपांवर झाकण आणि बाजूंना आडोसा लागतो, अन्यथा जुलैमध्ये पिंपाची डबकी होतात.

गणेशोत्सवातील निर्माल्य आणि खंडेनवमीला संगणकांवर वाहिलेला झेंडू याच पिंपांत जातो, मात्र हारांचे दोरे, जरी आणि थर्माकोल आधी काढावे लागतात.

ई-कचरा, बॅटऱ्या, दिवे

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. एखाद्या आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी यादीतील १,००० किंवा अधिक विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्यावा असे बंधन आहे. लहान कार्यालयांनीही हाच मार्ग धरावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृतांची माहिती मिळते, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच असल्याने शंका विचारता येतात. चार-पाच गाळेधारकांनी मिळून वर्षातून दोनदा एकत्रित माल दिला तर गाडी मागवणे परवडते. टोनरची रिकामी काडतुसेही ई-कचऱ्यातच मोडतात. हार्ड डिस्क केवळ फॉरमॅट करून देऊ नये. माहिती पूर्णपणे पुसावी किंवा डिस्क नष्ट करून अनुक्रमांकासह प्रमाणपत्र घ्यावे.

यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या नवीन घेताना जुन्या विक्रेत्यालाच परत द्याव्यात, त्यात शिशाची किंमत असल्याने बहुधा सूटही मिळते. तोपर्यंत त्या उभ्या, प्लास्टिकच्या परातीत ठेवाव्यात. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी दाबू किंवा उघडू नये. टोकांना चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या डब्यात, कागदापासून दूर ठेवावी. कचऱ्याच्या गाड्यांना आग लागण्याचे एक कारण हीच बॅटरी असते.

जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. ते मूळ खोक्यात उभे साठवून ई-कचऱ्याबरोबर द्यावेत. एखादा फुटलाच तर वातानुकूलन बंद करून खिडक्या उघडाव्यात, दहा-पंधरा मिनिटे खोली रिकामी ठेवावी, आणि झाडू किंवा व्हॅक्यूम न वापरता जाड पुठ्ठ्याने व चिकटपट्टीने तुकडे गोळा करावेत. जनरेटरचे जळके तेल गॅरेजवाल्याला न देता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्यावे आणि पावती ठेवावी.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे पुढे हाताळणाऱ्याला ते उघडावे लागत नाही. स्त्रियांच्या प्रत्येक स्वच्छतागृहात झाकणाचा डबा आणि जुन्या कागदाचे तुकडे एवढी सोय पुरेशी असते. संकुलातील दवाखाना किंवा प्रयोगशाळा यांचा जैववैद्यकीय कचरा मात्र २०१६ च्या स्वतंत्र नियमांनुसार सामायिक प्रक्रिया केंद्राकडेच गेला पाहिजे. सामान्य पोत्यात एक जरी सुई सापडली तरी संघाने त्या गाळेधारकाला लेखी नोटीस द्यावी, येथे भीड धरू नये.

वॉचमनने हिवाळ्यात पाला किंवा पुठ्ठा पेटवणे हाही नियमभंगच आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आकारता येते. त्याला एक हीटर दिलेला स्वस्त पडतो.

देखरेखीसाठी मोठी समिती नको. संघाच्या सचिवांनी आठवड्यातून एकदा, वार न सांगता, प्रत्येक मजल्याचे एक पोते तळमजल्यावर पाहावे. पहिल्यांदा मिसळलेले निघाले तर त्या मजल्याला छायाचित्र पाठवावे. दुसऱ्यांदा निघाले तर ते पोते त्याच मजल्यावर ठेवावे आणि तेथील लोकांनी वेगळे करून दिल्यावरच खाली आणावे. सफाई कामगारांना ते निवडायला लावू नये. भंगाराच्या, ई-कचऱ्याच्या आणि बॅटऱ्यांच्या पावत्या एकाच नोंदवहीत चिकटवाव्यात, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा सहा दिवस वजन करून चारही रकाने जुन्या आकड्यांशेजारी लिहावेत. ‘उरलेला’ हा रकाना घटला नसेल, तर अडचण बहुधा ढकलगाडीत किंवा तिच्या वेळेत सापडते, म्हणून तपास तेथून सुरू करावा.